हजेरीला शेवट असतो

गेल्या पंधरवड्यातल्या टपालात श्रीगोंदे तालुक्यातल्या एका माउलीचे पत्र आले. शाळेच्या वहीचे दोन कागद पाठपोट भरून लिहिले आहेत. नाव-गाव छापू नका अशी विनंती आहे, ती अर्थातच पाळतो. पण पत्रातला प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून त्याचे उत्तर या सदरातून देत आहे. पत्राचा सारांश त्यांच्याच शब्दांत असा :

"कुकडीच्या कालव्याचं आवर्तन सुटलं होतं. पाळी आमची होती. भावकीतल्यांनी वरच्या वर पाणी मोडून घेतलं. आमचं पोरगं दारं धरायला गेलं होतं, हातात खोरं होतं. शब्दाला शब्द वाढला आन् खोऱ्याचा दांडा चुलतभावाच्या दंडावर बसला. त्याला टाके पडले. केस झाली, गुन्हा शाबीत झाला. पण कोर्टानं पोराचं वय आन् पहिलाच गुन्हा बघून तुरुंगात न धाडता दोन वर्षांच्या बाँडवर सोडलं. जखमीला भरपाई द्यायला लावली, ती आम्ही कांदा विकून भरली. माझ्या दिरांनी जामीनकी घेतली. आता दीड वर्ष होत आलं. पोरगं दर महिन्याला प्रोबेशनच्या साहेबांना भेटून येतं. पण भावकीतले चारचौघांत म्हणतात, 'ही हजेरी जन्माची आहे, आम्ही अर्ज करून वाढवून घेऊ.' सोयरीक आली होती, ती त्यावरून थांबली. दीर म्हणतात, माझं नाव काढा. रांजणगावच्या कंपनीत पोराला काम मिळतंय, पण जावं का नाही कळत नाही. वकीलसाहेब, एवढंच सांगा, ही हजेरी किती दिवसांची?"

ताई, उत्तर आधी एका ओळीत देतो, मग सविस्तर बोलू. ही हजेरी जन्माची नाही. कोर्टाने दोन वर्षे लिहिली असतील तर ती दोन वर्षांची आहे. कोणी कितीही अर्ज केले तरी मूळ हुकुमाच्या तारखेपासून तीन वर्षांच्या पलीकडे ती एक दिवसही जाऊ शकत नाही. हे मी माझ्या मनाचे सांगत नाही. संसदेने १९५८ साली केलेल्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात हे लिहिलेले आहे.

प्रोबेशन म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे जामीन, पॅरोल आणि प्रोबेशन या तिन्हींची खिचडी होते. जामीन असतो तो निकालाच्या आधी, खटला चालू असताना. पॅरोल मिळतो तो शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला, आजारपण किंवा घरातले कार्य अशा कारणासाठी काही दिवस. प्रोबेशन या दोहोंहून वेगळे. त्यात गुन्हा शाबीत होतो, पण कोर्ट शिक्षा सांगतच नाही, ती राखून ठेवते. आरोपीकडून बाँड लिहून घेते, की 'अमुक मुदतीत मी शांततेने आणि चांगल्या वर्तणुकीने राहीन, आणि बोलावले तर शिक्षा ऐकायला हजर होईन'. मुदत नीट पार पडली की ती शिक्षा पुन्हा सांगितली जात नाही. मुदतीत वाकडे पाऊल पडले तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते.

म्हणजे कायदा माणसाला त्याच्या शब्दावर सोडतो. आपल्या मुलखाला ही कल्पना नवी नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूरची वसाहत उभी राहिली. तिथे कैद्यांना भिंतीशिवाय, शेती करीत, कुटुंबासह राहू दिले. त्यावरूनच व्ही. शांताराम यांना 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा चित्रपट सुचला, आणि त्याची कथा लिहिली ग. दि. माडगूळकर यांनी. तुमच्या श्रीगोंदे तालुक्यातही दौंड-मनमाड लोहमार्गावर विसापूरला तुरुंग आहे. १९३०च्या दशकात सविनय कायदेभंगाच्या सत्याग्रहींना तिथे कोंडले होते, आणि नंतरच्या काळात तिथे खुल्या कारागृहात कैदी शेतात राबू लागले. खुल्या कारागृहातला कैदी शिक्षा भोगत असतो आणि प्रोबेशनवरचा माणूस घरी असतो, एवढा फरक. पण दोन्हीकडे विश्वासावरच काम चालते.

तीन वर्षांची वेस

आता मुदतीचे पाहू. १९५८च्या कायद्याचे कलम ४ म्हणते, की ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप सांगितलेली नाही, त्यात कोर्ट गुन्ह्याचे स्वरूप, परिस्थिती आणि माणसाचे चारित्र्य पाहून त्याला बाँडवर सोडू शकते, आणि त्या बाँडची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असता कामा नये. सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षे, काय लिहायचे ते कोर्टाने ठरवायचे. पण वेस तीन वर्षांची.

बाँडबरोबर प्रोबेशन ऑफिसरची देखरेख लावायची असेल, तर ती निदान एक वर्षाची हवी असेही त्याच कलमात आहे. महिना-दोन महिन्यांच्या देखरेखीने माणूस कळत नाही, हा त्यामागचा विचार. म्हणजे देखरेखीला खालून एका वर्षाची आणि वरून बाँडच्या तीन वर्षांची मर्यादा आहे.

तुमच्या भावकीतले म्हणतात तो 'वाढवून घेण्याचा' भाग कलम ८ मध्ये आहे. मुदत कमीजास्त करता येते हे खरे. पण त्यासाठी अर्ज करायचा तो प्रोबेशन ऑफिसरने. भावकीने अर्ज दिला म्हणून बाँड वाढत नाही. मुदत वाढवायची तर मुलाचे आणि जामीनदाराचे म्हणणे कोर्टाने ऐकले पाहिजे. आणि वाढवली तरी मूळ हुकुमाच्या तारखेपासून एकूण तीन वर्षांच्या आतच. समजा हुकूम १ जून २०२४चा आणि बाँड दोन वर्षांचा आहे. तो वाढला तरी ३१ मे २०२७च्या पुढे जाणार नाही.

याच कलमात एक चांगली गोष्ट आहे, जी फारसे कोणी सांगत नाही. मुलाची वर्तणूक पाहून आता देखरेखीची गरज उरली नाही असे प्रोबेशन ऑफिसरला वाटले, तर तो कोर्टाला तसा अर्ज करू शकतो आणि कोर्ट मुदतीच्या आधीच बाँडमधून मोकळे करू शकते. तेव्हा मुदत वाढेल या भीतीत झुरण्यापेक्षा ती लवकर संपवता येईल का, हे पुढच्या भेटीत साहेबांना अदबीने विचारावे.

एका मेंढपाळाची गोष्ट

ताई, तुमचे पत्र वाचताना मला एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगायला मला कमीपणा वाटतो, पण सांगतो. वकिलीच्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका धनगराच्या तरुण मुलाला मारामारीच्या केसमध्ये दीड वर्षाच्या बाँडवर सोडवले. निकाल झाला, मला आनंद झाला. पोराने हात जोडले, त्याच्या आईने ओटीतले चार पैसे काढून फी दिली, आणि आम्ही आपापल्या वाटेने गेलो.

चार वर्षांनी तो मला आठवड्याच्या बाजारात भेटला. म्हणाला, "साहेब, अजून जातोय हजेरीला." मी चपापलो. विचारले, कुठे? तर दर महिन्याला एक दिवस तो पायी पोलीस ठाण्यात जायचा, बाहेरच्या ओट्यावर दुपारपर्यंत बसायचा आणि परत यायचा. त्याला कोणी बोलावले नव्हते, आणि घरी जा असेही कोणी सांगितले नव्हते. दिवाळीनंतर मेंढरांचा वाडा कोकणात उतरतो. मुदत संपल्यावरचे दोन हंगाम वाडा त्याला मागे ठेवून गेला होता, कारण महिन्याची हजेरी चुकली तर तुरुंग, असे त्याच्या मनाने घेतले होते. त्याच्या वाट्याची मेंढरे थोरल्या भावाने विकून टाकली होती.

चूक त्या ठाण्याची नव्हती, आणि पोराचीही नव्हती. चूक माझी होती. बाँडवर सोडवले हे मी त्याला सांगितले, पण कोणत्या तारखेला सुटशील हे सांगितले नाही. त्या दिवसापासून मी एक नेम केला. प्रोबेशनचा हुकूम झाला की पक्षकाराच्या हातात कागद देताना शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहून द्यायची आणि त्याच्याकडून ती तीनदा म्हणवून घ्यायची.

शेवट नसलेली हजेरी कशी असते

कोणी म्हणेल, चार दिवस जास्त हजेरी दिली तर काय बिघडले? त्यांनी आपल्याच मुलखाचा इतिहास आठवावा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे १९११च्या कायद्याने तो देशभर लागू करता येऊ लागला. पारधी, कैकाडी, माकडवाले अशा कितीतरी समाजांतली माणसे त्याखाली आली. नावे नोंदवायची, हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तर तारेच्या कुंपणात माणसे ठेवली. त्या हजेरीसाठी गुन्हा शाबीत व्हावा लागत नव्हता, आणि ती संपण्याची तारीखही नव्हती. बापाची हजेरी लेकाला, लेकाची नातवाला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. विमुक्त समाज तो दिवस आजही पाळतो. पण कायदा गेला तरी संशय राहिला. श्रीगोंदे, कर्जत भागात गावात चोरी झाली की पहिला धाक पारध्याच्या पालावर जातो, हे आपण सगळे जाणतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाच्या खटल्यात निकाल देताना तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत अजून राहिलेल्या अशा जुन्या समजुतींवर बोट ठेवले.

या दोन हजेऱ्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे तीन वर्षांच्या मर्यादेचे मोल कळते. हद्द नसलेली देखरेख माणसाला सुधारत नाही, त्याला कायमचा गुन्हेगार करून ठेवते. माणसाला पुढे एक दिवस दिसला पाहिजे, ज्या दिवशी तो गावात इतरांसारखा होणार आहे. बैल जोताला जुंपला तरी दिवस मावळताना जू उतरते हे त्याला ठाऊक असते. जू उतरणारच नसेल तर कोणता बैल नीट चालेल?

दूरदेशीचा धडा

प्रोबेशनची रीत सुरू झाली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात. तिथला जॉन ऑगस्टस नावाचा एक चांभार १८४१ साली कोर्टात बसला असताना एका दारुड्याला आणले गेले. ऑगस्टसने त्याची हमी घेतली. कोर्टाने किती मुदत दिली? तीन आठवडे. तीन आठवड्यांनी तो माणूस असा सुधारून परत आला की कोर्टाने नावापुरता एक सेंट दंड आणि खर्च घेऊन त्याला सोडून दिले. पुढे ऑगस्टसने अशा शेकडो माणसांची हमी घेतली.

पण त्याच देशात पुढे काही राज्यांनी प्रोबेशनची मुदत इतकी ताणली की माणसे दहा-दहा वर्षे त्यात अडकली. मीक मिल नावाचा तिथला एक गायक ऐन तारुण्यातल्या एका खटल्यामुळे दहा वर्षांहून अधिक काळ देखरेखीखाली राहिला, आणि अटी मोडल्या म्हणून २०१७ साली त्याला दोन ते चार वर्षांची कैद सांगितली गेली. त्यावरून देशभर बोभाटा झाला आणि २०१९ साली त्याची मूळ शिक्षाच रद्द झाली. कॅलिफोर्निया राज्याने २०२० साली कायदा करून काही अपवाद सोडता मोठ्या गुन्ह्यांत दोन वर्षे आणि लहान गुन्ह्यांत एक वर्ष अशी हद्द घातली. आपल्या संसदेने तीन वर्षांची हद्द १९५८ सालीच घातली होती. या एका बाबतीत आपण मागे नव्हतो.

इतर बंधनांच्याही हद्दी

गावात प्रोबेशनच्या बाँडची गल्लत 'चॅप्टर केस'च्या बाँडशी फार होते. चॅप्टरमध्ये गुन्हा शाबीत झालेला नसतो. भांडण होईल या भीतीने तहसीलदारांपुढे शांततेचा बाँड लिहून घेतात, आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. सराईत म्हणून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेतला तर तीन वर्षे. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली तडीपार केले तर जास्तीत जास्त दोन वर्षे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला बाल न्याय मंडळाने चांगल्या वर्तणुकीवर पालकांच्या हवाली केले तर तिथेही तीन वर्षांची हद्द. १ जुलै २०२४पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४०१ मध्येही प्रोबेशनच्या बाँडला तीच तीन वर्षे आहेत. कुठलाही बाँड असो, 'हा कोणत्या कायद्याखाली आणि किती तारखेपर्यंत' हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरे

१. कागद घरात हवा. देखरेखीचा हुकूम झाला की त्याच्या अटी कोर्टाने समजावून सांगायच्या असतात, आणि हुकुमाची प्रत मुलाला, जामीनदाराला आणि प्रोबेशन ऑफिसरला द्यायची असते. ती तुमच्याकडे नसेल तर कोर्टात अर्ज करून नक्कल काढा आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. शेवटची तारीख कालनिर्णयावर लाल शाईने लिहा.

२. दिरांची जामीनकी. ती बाँडच्या मुदतीपुरतीच आहे. मुदत नीट संपली की त्यांची जबाबदारी संपते. मध्येच मुदत किंवा अटी बदलायच्या झाल्या तर कोर्टाने त्यांनाही ऐकले पाहिजे. मात्र त्यांनी बदलाला संमती नाकारली, तर कोर्ट मुलाकडून नवा बाँड मागू शकते आणि तो न दिल्यास शिक्षा सांगू शकते. म्हणून सहा महिने कळ काढा असे त्यांना समजावून सांगा. घरातल्या माणसाने हात सोडायची ही वेळ नव्हे.

३. रांजणगावचे काम. जाऊ द्या, पण गुपचूप नको. हुकुमात राहण्याच्या जागेची अट असू शकते. आधी प्रोबेशन ऑफिसरला सांगावे. अट बदलणे जरूर असेल तर ते कोर्टाकडे तसा अर्ज करतील. नियमित काम लागले हे मुलाच्या बाजूनेच बोलते. भेटीची तारीख मात्र चुकवू नये. आजारपणाने चुकली तर डॉक्टरचा कागद घेऊन जावे.

४. चूक झाली तर? अट मोडली तर कोर्ट आधी विचारणा करते. पहिलीच वेळ असेल तर बाँड चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करता येतो. १९५८ सालचाच हा आकडा आहे, त्याला हसू नका. त्याच कलमाखाली मूळ गुन्ह्याची शिक्षाही सांगता येते. भावकीतले डिवचतील, आवर्तन पुन्हा सुटेल, पाण्यावरून पुन्हा बोलाचाली होईल. या सहा महिन्यांत मुलाला रात्रीच्या पाण्याला एकटे पाठवू नका. पाळी चुकली तर कालव्याच्या पाटकऱ्याकडे लेखी तक्रार द्या.

५. पुढे नोकरीला डाग राहील का? कलम १२ सांगते, की प्रोबेशनवर सुटलेल्या माणसाला गुन्हा शाबीत झाल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. नंतर त्याला मूळ गुन्ह्याची शिक्षा सांगावी लागली नाही, तर. पण इथे खोटी आशा देत नाही. शाबीत झालेला गुन्हा पुसला जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, आणि सरकारी खाते त्याचा वेगळा विचार करू शकते. म्हणून पोलीस भरतीच्या किंवा कोणत्याही अर्जात खटल्याबद्दल विचारले असेल तर खरे लिहावे. लपवल्याने आधीच्या खटल्यापेक्षा मोठे नुकसान होते.

दुसऱ्या बांधावरच्यांना

हे सदर भावकीतल्या त्या दुसऱ्या घरीही वाचले जात असेल. त्यांचा राग मला समजतो. टाके ज्याच्या दंडाला पडले त्याला 'सुटला' हा शब्द टोचतो. पण कायद्याने तुम्हालाही विसरलेले नाही. कलम ५ प्रमाणे जखमीला भरपाई आणि खर्च देववता येतो, आणि तुमच्या बाबतीत तो दिला गेला. पोरगा तुरुंगात गेला असता तर तुमच्या दंडाची जखम लवकर भरली नसती. उलट तो तिथून काय शिकून आला असता हे कोणी सांगावे? आणि बांध तोच, कालवा तोच, पिढ्यान्‌पिढ्या शेजार तोच राहणार आहे.

हेही सांगितले पाहिजे, की प्रोबेशन मागितले की मिळते असे नाही. जन्मठेपेच्या गुन्ह्यांत ते नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या कायद्यात अठरा वर्षांवरील आरोपीला ते मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. एकवीस वर्षांच्या आतल्या आरोपीला मात्र जन्मठेपेखालच्या गुन्ह्यात तुरुंगात पाठवायचे असेल, तर कोर्टाने प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल पाहून कारणे लिहिली पाहिजेत. ते वय मोजायचे गुन्ह्याच्या दिवसाचे नव्हे, कोर्ट शिक्षेचे ठरवते त्या दिवसाचे. खटले रेंगाळतात आणि पोराची एकविशी उलटते, मग हे संरक्षण जाते. म्हणून अशा खटल्यात तारखा मागत बसू नये. गुन्हा शाबीत होताच, शिक्षा सांगण्याआधी, आपल्या वकिलाने प्रोबेशनची मागणी केली का, हे घरच्यांनी विचारावे. वकील लावायची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

ताई, आता शेवटचे. सोयरिकीच्या पाहुण्यांपासून काही लपवू नका. त्यांना हुकुमाचा कागद दाखवा. त्यावर गुन्हा लिहिलेला आहे तसा शेवटचा दिवसही लिहिलेला आहे. आमच्या पोराचा हात एकदा चुकला, त्याने भरपाई दिली, दीड वर्ष शब्द पाळला, आणि अमुक तारखेला तो मोकळा होतो, एवढे सरळ सांगा. शब्द पाळणारा जावई कुणाला नको असतो?

आणि त्या तारखेला मुलाला ठाण्याच्या ओट्यावर बसायला जाऊ देऊ नका. त्या दिवशी त्याला दारे धरायला पाठवा. पाळी तुमची असेल तर.